छत्रीआडचा परमेश्वर

सेंबियनल्लूरच्या देवळाचं छप्पर गळत नाही. तरीही तिरुमलाचारी मास्तर गेली एक्केचाळीस वर्षं त्या देवळात छत्री उघडून फिरत होते.

कारण साधं होतं. देऊळ एक आणि गाभारे दोन. महाद्वारातून आत गेलं की डाव्या हाताला ईश्वर, म्हणजे शंकर. आणि त्याच्यासमोरून तसंच पुढे गेलं की शेषावर पहुडलेला पेरुमाळ, म्हणजे विष्णू. बांधणाऱ्या राजाने हे दोन पंथांच्या ऐक्यासाठी केलं असं सांगतात. राजाचं ठीक असतं, त्याला देऊळ बांधून झाल्यावर त्या गावात राहायचं नसतं. मास्तर पडले कट्टर वैष्णव. नारायणाखेरीज दुसऱ्या कुणापुढे मान लववायची नाही, आणि दुसऱ्याच्या दारावरून जाताना मान न लववता नुसतं टकामका बघायचं तर तो उद्धटपणा. यावर तोड म्हणून ते महाद्वारातच काळी छत्री उघडत, डाव्या खांद्यावर आडवी धरत आणि ईश्वराला छत्रीआड ठेवून थेट पेरुमाळापुढे जाऊन ती मिटत. देवस्थानच्या अधिकाऱ्यांनी एकदा, आत छत्री उघडण्यास मनाई असल्याचं पत्र त्यांना धाडलं होतं. मास्तरांनी बारा पानी उत्तर दिलं. त्यातली साडेअकरा पानं संस्कृतात होती. पुन्हा पत्र आलं नाही.

दोन गाभाऱ्यांच्या मधोमध, खांबाजवळ एक फरशी होती. तिच्यावर उभं राहिलं की मान न वळवता दोन्ही देव दिसत. मास्तरांचा पाय त्या फरशीला कधी लागला नव्हता. उलट पंचनदम अय्यर रोज मुद्दाम तिच्यावरच उभे राहत आणि कपाळावरचे भस्माचे तीन पट्टे मिरवत हाक मारत, "या की मास्तर. एका खेपेत दोन्ही उरकतात."

पंचनदम अय्यर गावचे निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं घर अग्रहाराच्या, म्हणजे ब्राह्मणआळीच्या रस्त्यात मास्तरांच्या बरोबर समोर. रोज संध्याकाळी पाच वाजता मास्तर रस्ता ओलांडून त्यांच्या ओट्यावर जात आणि सर्वश्रेष्ठ देव कोण या प्रश्नाला हात घालत. पावणेसातला दिवे लागले की प्रश्न तिथेच ठेवून घरी परतत. मधल्या सुट्टीला धर्मांबाळ मामी, म्हणजे अय्यरांच्या मंडळी, कॉफीचे दोन पेले आणून आपटत. वादाचे नियम ठरलेले होते. एकमेकांच्या घरच्यांवर घसरायचं नाही आणि एक मुद्दा एका आठवड्यात दोनदा काढायचा नाही. त्यामुळे गंगेचा मुद्दा दर मंगळवारी येई. गंगा निघते विष्णूच्या पायातून आणि शंकर ती डोक्यावर घेतो, तेव्हा कोण मोठा ते तुम्हीच ठरवा, असं मास्तर म्हणत. त्यावर अय्यर गुरुवारी अग्नीचा खांब उभा करत, ज्याचा तळ शोधायला विष्णू पाताळापर्यंत खणत गेला आणि हात हलवत परत आला.

इथवर मास्तरांची हरकत नसे. शत्रूने वार केला तर तो अडवता येतो. त्यांचं डोकं फिरे ते अय्यर कोपऱ्यात सापडले की शेवटचं ठेवणीतलं वाक्य काढत तेव्हा.

"सगळं एकच हो, मास्तर. परब्रह्म एक, त्याला ना नाव ना रूप. पाकिटावर काहीही लिहा, टपाल जातं एकाच कचेरीत."

"पत्ता चुकला तर पत्र परत येतं, हे तीस वर्षं तुम्हीच गावाला सांगत होतात."

"पोचायला वेळ लागतो इतकंच. तुम्ही अजून सगुणाच्या पायरीवर आहात. चढाल हळूहळू."

ही पायरी मास्तरांच्या काळजात घुसे. तुमचा देव खोटा म्हणणारा माणूस परवडला; पण तुमचाही देव खरा आहे, फक्त प्राथमिक शाळेतला आहे, असं म्हणणाऱ्याचं काय करायचं? शिवाय मास्तरांच्या एक गोष्ट कधीच लक्षात आली होती. उत्सवात पहिलं तीर्थ कुणाला द्यायचं हा प्रश्न निघाला, की अय्यरांच्या निर्गुण निराकार परब्रह्माला ताबडतोब नाक-डोळे फुटत, कपाळी भस्म येई आणि ते परब्रह्म हात पुढे करून रांगेत पहिलं उभं राही.

धर्मांबाळ मामींचं याबाबतीतलं मत एका वाक्याचं होतं. त्या वेशीवरच्या अम्मनच्या, म्हणजे देवीआईच्या भक्त. पेले उचलताना त्या म्हणत, "तुमचा एक झोपलेला, यांचा एक डोळे मिटून बसलेला. मग घर कोण चालवतं?" यावर दोघेही विद्वान एकाच वेळी कॉफीत तोंड घालत.

तर त्या मासी महिन्यात, म्हणजे माघ-फाल्गुनात, अय्यरांची छाती दुखली. तंजावरच्या मोठ्या इस्पितळात तपासण्या झाल्या. हृदयाच्या तीन नळ्या चोंदल्यात, पुढच्या बुधवारी छाती उघडू, तोवर घरी स्वस्थ पडा, असं डॉक्टरांनी सांगितलं. अय्यर घरी आले. ओट्यावर आरामखुर्ची टाकली गेली. मंगळवार होता. मास्तर पाचाच्या ठोक्याला रस्ता ओलांडून आले, बसले, आणि आजाऱ्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी नेहमीप्रमाणे गंगा काढली.

अय्यरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. नारायणच श्रेष्ठ."

मास्तर पुढच्या वाराची वाट बघत थांबले. वार आलाच नाही. अय्यरांनी कॉफी संपवली, पेला खाली ठेवला आणि भिंतीला धरून आत गेले. तेव्हा सव्वापाच वाजले होते. दिवे लागायला दीड तास होता आणि मास्तरांना बसायला जागा नव्हती.

घरी त्यांनी हे बायकोला, कोमळवल्लींना सांगितलं, ही पहिली चूक. त्या म्हणाल्या, "अहो, मग जिंकलात की. तोंड का असं उकडलेल्या शेवग्यासारखं?" दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती बातमी सार्वजनिक नळावर नेली. हंडा भरेपर्यंत ती गावाच्या उत्तर टोकाला पोचली होती.

दहा वाजता वैष्णव सभेचे चिटणीस संपत्कुमारन आले. त्यांचं बाजारात मिक्सर-ग्राइंडरचं दुकान होतं आणि घरी शालींचा साठा. ते फार भारावले होते. गेली आठशे वर्षं जे आचार्यांना जमलं नाही ते मास्तरांनी ओट्यावर बसून केलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. रविवारी सकाळी देवळाच्या मंडपात समारंभ. अय्यर चार लोकांत आपली कबुली पुन्हा देतील, मास्तरांना पदवी मिळेल, आणि मंडपाच्या भिंतीत संगमरवरी पाटी बसेल. मजकूरही तयार होता. सर्वश्रेष्ठ देव कोण हा प्रश्न या गावी अमुक तारखेला, सायंकाळी सव्वापाच वाजता कायमचा निकालात निघाला. खाली बारीक अक्षरात, सौजन्य: संपत मिक्सर-ग्राइंडर.

दुपारी दुसऱ्या बाजूने वकील चंद्रमौळींचं पत्र आलं. ते शैव समाजाचे अध्यक्ष. पत्रात म्हटलं होतं की सदर कबुली वादी गोळ्यांच्या अंमलाखाली असताना दिलेली असल्याने ती ईश्वरावर बंधनकारक नाही.

मास्तर दोन्ही गोष्टींना हो-ना काहीच म्हणाले नाहीत. संध्याकाळी पाच वाजता ते पुन्हा ओट्यावर गेले आणि त्यांनी मुद्दाम एक लंगडा मुद्दा टाकला, इतका लंगडा की नववीतल्या पोरानेही पाडला असता. अय्यर म्हणाले, "होय, खरं आहे." मास्तरांनी मग श्लोक चुकीचा म्हटला. अय्यरांनी चूक ऐकली. मास्तरांना त्यांच्या भुवया हललेल्या दिसल्या. पण तोंडातून आलं ते "वा" एवढंच.

मास्तर उठून निघाले तेव्हा मामी त्यांच्या मागे दारापर्यंत आल्या. आज हातात पेले नव्हते.

"हे इस्पितळात जात नाहीयेत," त्या म्हणाल्या. "कागदावर सही करायची आहे, करत नाहीत. म्हणतात, बासष्ट नाही, बहात्तर झाली, पुरे झालं. रेडिओ दूधवाल्याला देऊन टाकला. छडी पुजाऱ्याला. केळीचं बेट शेजारच्या कुंजूला. मी म्हटलं, मास्तरांना काय? तर म्हणाले, मास्तरांना एकदा जिंकू दे बिचाऱ्यांना."

मास्तर रस्त्याच्या मध्ये उभे राहिले. म्हणजे हे असं होतं. अय्यर निरवानिरव करत होते. दूधवाल्याच्या वाट्याला रेडिओ, पुजाऱ्याच्या वाट्याला छडी, आणि आपल्या वाट्याला परमेश्वर. एक्केचाळीस वर्षं ज्यासाठी घसा सुकवला ते जुन्या धोतरासारखं देऊन टाकलं होतं, वर 'बिचाऱ्यांना'. आणि त्याहून वाईट म्हणजे, वाटण्या संपल्या की माणूस जातो. हे मास्तरांनी अग्रहारात पुष्कळदा पाहिलं होतं.

त्यांनी ठरवलं, अय्यरांना कबुली मागे घ्यायला लावायची. ज्याचा वाद शिल्लक आहे तो मरायला मोकळा नसतो.

पुढचे दोन दिवस मास्तरांनी जे केलं ते त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. ते बसने शेजारच्या गावच्या शैव मठात गेले, तिथल्या ग्रंथालयातून चार पोथ्या आणल्या आणि त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं घालून माजघरात वाचायला बसले. कोमळवल्लींनी एक उघडून बघितली, पहिल्याच पानावर त्रिशूळ दिसला, आणि त्या पोथीखाली पाट ठेवून गेल्या. मास्तर हुशार विद्यार्थी. शनिवारी संध्याकाळी त्यांनी ओट्यावर बसून शंकराची बाजू मांडली. विष्णूने शंकराला हजार कमळं वाहायला घेतली, एक कमी पडलं तेव्हा स्वतःचा डोळा काढून वाहिला, तेव्हा कोण कुणाचा भक्त? असे एकामागून एक सात मुद्दे. शेवटी त्यांना घाम फुटला, कारण सातव्याचं उत्तर त्यांचं त्यांनाही सुचेना.

"ही तुमची बाजू," ते म्हणाले. "इतकी भक्कम बाजू असताना तुम्ही हार मानलीत. पेपर न वाचता कोरा देणाऱ्याला मी शून्य देत असे."

अय्यर डोळे मिटून हसले. "सुरेख मांडलंत हो. माझ्यापेक्षा चांगलं. पण आता कुठे पुन्हा. उद्या समारंभ आहे ना? सगळ्यांना एवढा आनंद होतोय, तर होऊ दे."

मरायला टेकलेल्या माणसाचा चांगुलपणा किती असह्य असतो हे मास्तरांना त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं.

रविवारी मंडप भरला. उजवीकडे उभी गंधं, डावीकडे आडवं भस्म, मध्ये एका बाकावर कापडात गुंडाळलेली पाटी. अय्यरांना आरामखुर्चीसकट उचलून आणलं होतं आणि वाहणाऱ्यांनी खुर्ची नेमकी त्या खांबाजवळच्या फरशीवर ठेवली होती. मास्तर आले ते नेहमीसारखे छत्रीआडून, आणि ध्वनिक्षेपकापुढे उभे राहिले तेव्हाही छत्री उघडीच होती. संपत्कुमारन यांनी पाऊण तास ओळख करून दिली. तीत विष्णूचे दहा अवतार झाले आणि अकरावा मास्तरांचा येतो की काय अशी भीती वाटू लागली. मग शाल पुढे आली. मास्तरांनी ती हातानेच थोपवली.

"मला जिंकल्याचं मान्य नाही," ते म्हणाले. "मी पुष्कळ विचार केला. सगळं एकच आहे. नारायण म्हणा, शंकर म्हणा, काय फरक पडतो? एक्केचाळीस वर्षं आम्ही दोघे जे बोललो ती दोन पेन्शनवाल्यांची रिकामी बडबड होती. तिच्यात कोण जिंकणार आणि कोण हरणार? पाटी परत न्या."

वैष्णवांना आपला माणूस गेल्याचं कळलं, पण शैवांना तो आपल्याकडे आला असंही वाटेना. चंद्रमौळींनी टिपून घ्यायला पेन काढलं आणि काय टिपावं ते न कळून परत खिशात ठेवलं. खुर्चीतून आवाज आला.

"काय म्हणालात?"

"एकच म्हणालो. तुमचंच वाक्य."

"माझंच, पण ते असं म्हणायचं नसतं." अय्यर खुर्चीत सरळ झाले होते. "त्याच्या आधी पायऱ्या आहेत. तुम्ही पायरीवरून उठून एकदम माळ्यावर कसे पोचलात? काय फरक पडतो म्हणजे? फरक पडत नसता तर मी काय झक मारायला रोज दोन तास बसत होतो?"

"बडबड करायला."

"बडबड?" अय्यरांनी खुर्चीच्या दांड्या धरल्या. मामी पुढे झाल्या, तर त्यांनी त्यांना हातानेच बाजूला केलं. "तीनदा बढती आली मला. तीनदा. तिरुचीच्या मोठ्या कचेरीत. खात्याला कळवलं, आई आजारी आहे, गाव सोडता येत नाही. आई अडुसष्ट सालीच गेली होती. कशासाठी नाही गेलो मी? तिथे पाच वाजता कुणाशी बोलणार होतो?"

हे मास्तरांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या खांद्यावरची छत्री थोडी कलली. पण मास्तर निर्दय परीक्षक होते, हातात आलेला विद्यार्थी त्यांनी सोडला नाही.

"ते मला काय सांगता? तुम्ही तर कबुली देऊन बसलात."

"नारायण श्रेष्ठ आहे असं तुम्ही खरंच मानता म्हणून दिली. आणि तुम्हीच म्हणताय, काय फरक पडतो. मग मी हार मानली ती कुणापुढे?" अय्यरांनी श्वास घेतला. "कबुली परत घेतो. लिहून घ्या हो वकील. आणि गंगेचं उत्तर माझ्याकडे आहे. तेवीस वर्षं राखून ठेवलंय."

"सांगा."

"असं उभ्या उभ्या नाही."

"मग कधी? बुधवारी तुमची छाती उघडायची आहे, आणि तुमची सही नाही. मेलेल्या माणसाचे मुद्दे मी धरत नसतो."

अय्यरांनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. पोस्टमास्तर होते, पाकीट उजेडात न धरताही आत काय आहे ते त्यांना कळत असे. कळल्यावर त्यांना आणखीच राग आला. "कागद आण," ते मामींना म्हणाले. "आणि त्या दूधवाल्याला सांग, रेडिओ परत दे म्हणावं."

अय्यरांना मंगळवारीच इस्पितळात दाखल केलं होतं; बुधवारी सकाळी सातच्या बसने बाकीची सगळी मंडळी तंजावरला गेली. मास्तर गेले नाहीत. ते स्नान करून देवळात निघाले, पण उंबऱ्यातच अडले. अडचण तात्त्विक होती. शैव माणसाच्या हृदयासाठी नारायणाकडे मागणं म्हणजे दुसऱ्याच्या पाहुण्याला परस्पर जेवायला वाढण्यासारखं. आणि दुसरीकडे मागायचं तर सात पिढ्या वरून बघत होत्या. कोमळवल्ली रांगोळी घालत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "ज्याचा माणूस त्याच्याकडे अर्ज करावा. एवढं काय त्यात."

मास्तरांनी महाद्वारात छत्री उघडली, डाव्या खांद्यावर घेतली आणि रोजच्या चालीने निघाले. ईश्वराच्या गाभाऱ्यासमोर आल्यावर ते थांबले. छत्री मिटली नाही. तोंड पेरुमाळाकडेच ठेवलं. आणि काळ्या कापडाला उद्देशून बोलल्यासारखे ते हळू आवाजात बोलले.

"मी मागायला आलेलो नाही. माहितीसाठी सांगतो. तुमचा माणूस तंजावरला आहे, दुसरा मजला, खाट चौदा. या गावात तुमची बाजू धड मांडणारा तेवढा एकच आहे. चंद्रमौळींवर विसंबू नका. तुमचा माणूस परत आला नाही तर मी जिंकतो. तुमचं तुम्ही बघा."

मग ते पुढे गेले, पेरुमाळापुढे छत्री मिटली आणि तिथे मात्र काही न बोलता नेहमीपेक्षा बराच वेळ उभे राहिले.

अय्यर सोळा दिवसांनी परत आले. एक आठवडा बोलायची बंदी होती. ती संपली त्या संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर दोघे समोरासमोर बसले, आणि अय्यरांनी आधी छातीवरचे टाके दाखवले. शंकराला महामृत्युंजय म्हणतात ते याचसाठी, हा पुरावा आता कातडीवर आहे, असा त्यांचा दावा होता. मास्तर म्हणाले की पालन करणं हे खातं विष्णूचं, संहार तुमच्याकडे. त्या न्यायाने तुमच्या देवाने काही केलं असतं तर तुम्ही परत आलाच नसतात. हा मुद्दा नवा होता आणि दोघांनाही आवडला.

मामी कॉफी घेऊन आल्या. "डॉक्टर आरोग्यसामी म्हणाले," त्या म्हणाल्या, "चाकू हातात घेण्याआधी त्यांनी वेळांकण्णीच्या मेरीमाउलीचं नाव घेतलं होतं."

मामींनी पेले आपटले आणि शेवटी आईच ना, एवढं म्हणून त्या आत गेल्या. अय्यरांनी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी रस्त्याकडे.

मागच्या अंगणातून कपडे आपटल्याचा आवाज येऊ लागला. संपत्कुमारन यांची पाटी कुणीच न्यायला येईना, तेव्हा मामींनी ती देवळातून उचलून आणवली होती आणि विहिरीपाशी पालथी बसवली होती. संगमरवर चांगला निघाला. त्याच्यावर धोतरं पांढरीशुभ्र निघतात, मग ती कुठल्याही पंथाची असोत. मजकूर मातीकडे आहे.

"हां, तर गंगा," मास्तर म्हणाले. "तेवीस वर्षांचं उत्तर."

"आज शुक्रवार आहे," अय्यर म्हणाले. "गंगा मंगळवारी."